धवल्यातलं पहिलं नाव

पांढरा या शब्दावर मी एकशे बारा पानं लिहिली आहेत. माझ्या पीएचडीचा विषय मराठीतले रंगवाचक शब्द, आणि हे त्यातलं एक प्रकरण. मार्गदर्शक सर म्हणाले, एवढं कशाला, चाळीस पानांत उरका. लाल, हिरवा, निळा मी चाळीस-चाळीस पानांत उरकले होते. पांढऱ्याशी मात्र माझं घरचं भांडण आहे.

हा शब्द संस्कृतातल्या ‘पांडुर’पासून आला. पांडुर म्हणजे फिकट, पिवळट पांढरा. पुढे त्यातला पिवळेपणा निघून गेला आणि नुसता पांढरा उरला. शब्द तसा सज्जन आहे. घाटावर गाव वसतं त्या जमिनीला पांढरी म्हणतात. खुर्चीत बसून काम करणारा पांढरपेशा होतो. लिहिणं म्हणजे पांढऱ्यावर काळं करणं. ‘दिवसाढवळ्या’मधला ढवळा ‘धवल’पासून आला, म्हणजे हाही पांढराच. इतकं सगळं चांगलं वागून झाल्यावर हा शब्द बाईच्या पायाशी येतो आणि तिथे त्याची नियत फिरते. पांढऱ्या पायाची. जिच्या येण्याने घराचं वाटोळं होतं अशी. अर्थ कोशात आहे, उगम मला कुठे सापडला नाही. कोशात ‘पांढऱ्या पायाचा’ असंही आहे, पण तसं कुणा पुरुषाला म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आईला म्हटलेलं मात्र जन्मापासून ऐकत आले.

माझी आई शशिकला. तिचं माहेर उरणच्या बाजूचं, मिठागरावर राबणारं. वयाच्या विसाव्या वर्षी ती ओवे गावात आमच्या घरी सून म्हणून आली. त्याच वर्षी भरतीने बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं. म्हैस मेली. आणि लग्नानंतर आठव्या महिन्यात माझे बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकमधून सळ्या उतरवताना गेले. मी तेव्हा पोटात होते. भरती, म्हैस आणि सळ्या या तिन्हींचा खुलासा आमच्या घराने दोन शब्दांत करून टाकला. म्हशीला नेमकं काय झालं होतं, हे कुणी ढोरांच्या डॉक्टरला विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून आई कुठल्याही शुभकार्यात पुढे बसली नाही. पण गंमत बघा, गावात कुणाचंही लग्न असो, हळद आईनेच कुटायची. तिच्यासारखी मऊ हळद कुणाच्या हातून होत नाही म्हणे. पाच सुवासिनी मुसळाला हात लावून फोटो काढतात, विधी होतो. मग सगळं सामान आत जातं आणि माझी आई कोपरापर्यंत पिवळी होऊन दोन-दोन तास कुटत बसते. कुटलेली हळद बाहेर जाते, आई आतच राहते. सत्तावीस वर्षं मी हे बघितलं आणि मला त्याचा मनापासून संताप आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. मला पहिली हळद आईने लावायची.

हे मागितलं महादेवकाकांकडे. बाबांचे थोरले भाऊ. ते वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी मला मुलीसारखं शिकवलं, कॉलेजात नोकरी लागली तेव्हा गावभर पेढे वाटले. आमच्या जमिनी सिडकोत गेल्यावर ते बिल्डर झाले, पण अजूनही सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाहीत. लग्नाचा सगळा भार त्यांनी आनंदाने उचलला होता. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की मागशील ते देईन, हे एवढं मागू नकोस. तुझ्याच बऱ्यासाठी सांगतो.

मी काय करणार? माझ्याकडे एकशे बारा पानं होती. मी त्यांना पांडुर सांगितला, पांढरी सांगितली, ढवळा सांगितला, शब्दाचे अर्थ कसे घसरतात, घसरवणारे कोण असतात, सगळं सांगितलं. अर्धा तास ते हाताची घडी घालून शांतपणे ऐकत होते.

“तुजं बरोबरच असंल,” ते म्हणाले. “पन लोक डिक्शनरी वाचून हलदीला येत नायत.”

माझी एकशे बारा पानं तिथेच संपली.

मग मी नवऱ्या मुलाकडे गेले. अवधूत पुण्याकडचा, आईवडील आता करंजाड्याला फ्लॅट घेऊन राहतात. त्याची आई वसुंधराबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड. त्या म्हणाल्या की आम्ही असलं काही मानत नाही, पण तुमच्याकडची पद्धत आमच्या निमित्ताने मोडायला नको. आईंनी लावावी की हळद, सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. मला त्या दिवशी कळलं की मानणाऱ्या माणसांशी निदान भांडता तरी येतं.

आणि आई? ती लसूण सोलत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

“मना त्यात ओढू नको,” ती म्हणाली. “उद्या तुज्या संसारात काय झालं, ताप आला, गाडी ठोकली, तर नाव माजंच येईल. एकदा सोसलं. पुन्ना नाय सोसवनार.”

तिला अपशकुनाची भीती नव्हती. तिला माझ्या वाट्याचं काहीही वाईट आपल्या नावावर लागण्याची भीती होती. मी शब्दांची मास्तरीण, खाली बसून तिच्यासोबत लसूण सोलायला लागले.

राहिली शकूआजी. ही आमच्या गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी धवलारीण गाऊन चालवते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती देवांना बोलावते, पितरांना बोलावते, मांडवाला, उखळाला, पाट्याला बोलावते. भटजी नंतर येतो. शकूआजी पंचाहत्तरीची, काळीसावळी, दात चार, आवाज मात्र खणखणीत. धवला आणि धवल यांचं नातं तपासायला मी तिच्याकडे मोबाइल घेऊन रेकॉर्डिंग करायला जायची. धवल म्हणजे पांढरा, शुभ्र, असं सांगितल्यावर तिने तोंडातलं पान गालात सरकवलं.

“लग्नात सगलं पांढरंच लागतं बघ,” ती म्हणाली. “तांदूल पांढरा, चौकाचं पीठ पांढरं, नजर काढायचं मीठ पांढरं. बाय तेवढी पांढरी नको व्हय?”

मी आईचं सगळं तिच्यापुढे बोलले. ती हसली. तिचा नवरा जाऊन चाळीस वर्षं झालेली. हातात एक बांगडी नाही. तरी तिच्या तोंडून गणपती मांडवात येतो, ते सगळ्यांना चालतं. मी म्हटलं, आजी, मग काहीतरी कर. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हळदीला वेळेवर ये, एवढंच म्हणाली.

इथे तिची एक रीत सांगायला हवी. हळदीच्या धवल्यात ती बायकांची नावं घेते. जिचं नाव आलं तिने उठायचं, पाय धुवायचे, तांदळाच्या पिठाच्या चौकावर उभं राहायचं आणि नवरीला हळद लावायची. मगच पुढचं नाव. ती बाई उठेपर्यंत शकूआजी पुढे जात नाही, तीच ओळ म्हणत राहते. एकदा एका मामीचं नाव घेतलं आणि मामी पनवेल स्टेशनावर पाहुण्यांना आणायला गेलेली. मामी परत येईपर्यंत, पाऊण तास, शकूआजी तीच ओळ म्हणत बसली होती. ते गावात अजून हसून सांगतात. धवला अर्धवट तुटला तर मांडवाचं वाईट होतं, हे मात्र हसून सांगत नाहीत.

हळद करंजाड्याच्या एका हॉलमध्ये होती, भर दुपारी, कारण संध्याकाळचं बुकिंग दुसऱ्यांचं होतं. झेंडूच्या माळा, पिवळे टी-शर्ट घातलेली इव्हेंटवाली मंडळी, कोपऱ्यात डीजे. स्टेजवर मरून रंगाचा गालिचा. त्याच्या मधोमध शकूआजीने पिठाचा चौक काढला आणि त्यात मला पाटावर बसवलं. तिच्या दोन सोबतिणी तिच्या बाजूला बसल्या, ओळ झेलायला. वसुंधराबाई उष्टी हळद घेऊन पहिल्या रांगेत. आई स्वयंपाकघरात, उखळापाशी. तिथलं दार मला पाटावरून दिसत होतं.

काकांनी एक कागद आणला. एकवीस बायकांची नावं, क्रमाने, कॉम्प्युटरवर टाइप करून वर लॅमिनेशन केलेली. पहिलं नाव काकीचं. आईचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. शकूआजीला वाचता येत नाही, हे लॅमिनेशन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी यादी दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. शकूआजीने मान डोलावली, तो गुळगुळीत कागद आपल्यासमोर ठेवला आणि त्यावर पानाची चंची ठेवली. काका समाधानाने खाली उतरले.

गाणं सुरू झालं. देव आले, पितर आले. पितरांत बाबांचंही नाव आलं. मग हळदीची वाटी पुढे सरकवून शकूआजीने आवाज चढवला.

“हलदीचे वाटीला हात कुनाचा गो,
हात पयला शशिकला बायचा गो.”

हॉलमधल्या कित्येकांना शशिकला कोण हेच आधी कळलं नाही. आमच्या घरात आईला कुणी नावाने हाक मारत नाही. ती मनस्वीची, म्हणजे माझी, आयस. सोबतिणींनी ओळ झेलली. कुणीच उठलं नाही. काकांना वाटलं, म्हातारी विसरली. ते स्टेजपाशी येऊन हळूच काकीचं नाव सांगून गेले. शकूआजीने त्यांच्याकडे बघितलं आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. शशिकला बायचा.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तीच ओळ. बायका कुजबुजायला लागल्या. वसुंधराबाईंनी घड्याळात बघितलं. इव्हेंटवाली मुलगी मला विचारून गेली की मॅडम, हे असंच असतं का. मी म्हटलं, असंच असतं. काकांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी डीजेकडे हात केला. स्पीकर एकदम दणाणला.

आणि तेवढ्यात पहिली उठली ती काकीच. धावत डीजेपाशी गेली. “बंद कर ते,” ती म्हणाली. “धवला तोडतोस व्हय? माज्या मांडवाचं वाटोलं करतोस?”

स्पीकर बंद पडला. काका होते तिथेच उभे राहिले. विधवेचा हात लागला तर अपशकुन, आणि धवला तुटला तर त्याहून मोठा अपशकुन. दोन्ही त्यांचेच, त्यांनीच जपलेले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

शकूआजी थांबली नव्हती. पण वीस मिनिटांनी तिचा आवाज चिरकायला लागला. सोबतिणींचे घसे बसले. ती खोकली, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा सुरू केलं आणि ओळीच्या अर्ध्यात पुन्हा खोकला आला. ओळ ‘हात पयला’वर लोंबकळत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. पदर डोक्यावर, हात कोपरापर्यंत पिवळे. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मला ती मान अजून दिसते.

नवरीने धवला म्हणायचा नसतो. मी म्हटला. माझा आवाज वाईट आहे आणि सूर त्याहून वाईट. तरी मी पाटावर बसल्या बसल्या ओळ उचलली आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा चारशे माणसांसमोर आईचं नाव मोठ्याने घेतलं. शशिकला बायचा गो. एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतली एक म्हातारी सोबत म्हणाली. तिच्या कपाळावरही कुंकू नव्हतं. मग दुसरी. मग भिंतीला टेकून बसलेल्या, सगळ्या लग्नांत भिंतीलाच टेकून बसणाऱ्या अशा सहा-सात जणी. मग तर कोण कोण होत्या ते मला मोजता आलं नाही. ज्यांनी आयुष्यभर आईची कुटलेली हळद अंगाला लावली, त्यांना तिचं नाव निदान गाण्यातून तरी घ्यायला लागलं.

आई निघाली. भिंतीच्या कडेने आली नाही. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, सरळ आली.

चौकाच्या अलीकडे पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. काका तिथे उभे होते. आई त्यांच्यासमोर कधी मान वर करून उभी राहिलेली नाही. काकांनी खालच्या आवाजात म्हटलं, “पोरीचं बघ.”

“तिचंच बघतेय, भावजी,” आई म्हणाली. “सत्तावीस वर्सं तुमच्या सगल्यांचं बघितलं. म्हशीचं मरनसुद्दा माज्या नावावर घेतलं.”

काका बाजूला झाले. आईने तांब्या उचलला, पाय धुतले आणि ओल्या पायांनी पिठाच्या चौकावर येऊन उभी राहिली. वाटीत बोटं बुडवली. आधी माझे पाय, मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. तिने माझ्या गालाला हळद लावली आणि हात तिथेच ठेवला, विधीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. मी रडले. लपवायचं काय त्यात? तिने ओल्या पिवळ्या हातांनीच माझे डोळे पुसले आणि डोळ्यांत हळद गेली म्हणून मी आणखी रडले.

मग ती वळली आणि परत निघाली. मरून गालिच्यावर तिची पावलं उमटत गेली. ठसठशीत, पाची बोटं दिसतील अशी, पांढरी शुभ्र. सगळा हॉल ती पावलं बघत होता. प्रत्येकाच्या मनात तेच दोन शब्द आले असणार, कारण माझ्याही आले. काकांनी इव्हेंटवाल्या मुलीला खूण केली. ती लगबगीने ओलं फडकं घेऊन आली आणि खाली बसून पहिलं पाऊल पुसायला वाकली.

आई थांबली. मागे वळून तिने त्या मुलीकडे नाही, काकांकडे बघितलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “माजे पाय हायत ते.”

मुलीने काकांकडे बघितलं. काकांनी दुसरीकडे बघितलं. फडकं हातात धरून ती उठली. आई स्वयंपाकघराकडे गेली नाही. पहिल्या रांगेत वसुंधराबाईंच्या शेजारची खुर्ची काकीची होती, काकी उभीच होती म्हणून रिकामी. आई त्या खुर्चीत बसली. वसुंधराबाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली आणि तिला नीट जागा करून दिली.

शकूआजीने पाणी पिऊन घसा मोकळा केला आणि चंचीखालचा तो कागद न बघता पुढचं नाव घेतलं. काकीचं. स्टेजवर यायला दुसरी वाट नव्हती. काकी आईच्या पावलांवरून आली, पाय धुतले, चौकावर उभी राहिली, मला हळद लावली आणि वळली. जाताना तिने एकदा खाली, आपल्या पायांकडे बघितलं. तेही पांढरे होते.